जास्तीची खीळ

गिरिधरला उद्या बंडीनं नरखेडला निघायचं होतं. इतवारीत लोहाराच्या दुकानी त्यानं चाकाची जास्तीची खीळ निवडून हातात धरली होती. पुढं एक नवरा-बायको भांडत होते.

"चार खिळी घेतो, देवकी. एक आसही घेतो. हातोडा, वाकस, वंगण घरी हायेच."

"अन् मी कुठं बसू? हातोड्यावर?"

"वाटंत चाक निखळलं तं?"

"मागच्या साली निखळलं होतं का आपलं?"

"आपलं नाही."

"मंग माह्या भावाच्या लग्नाले येळेवर काहून नाही पोचलो?"

"वाटंत लोकायच्या बंड्या मोडून पडल्या होत्या वं. सामान आपल्याजवळ. तसंच सोडून जाऊ?"

"ते लोकं पंगतीत जेवून आले! आपुन गेलो तं मांडव काढून राहिले होते. उद्या नरखेडले बहिणीच्या लग्नाले निघायचं हाये. एकही खीळ घ्यायची नाही."

"अन् आपलीच बंडी मोडली तं?"

"मोडू द्या. दुसऱ्याच्या बंडीत बसून मी तरी पोचीन!"

बाई तरातरा पुढं निघाली. नवऱ्यानं लोहाराला डोळा घातला आणि चारही खिळी गुपचूप कनवटीला खोचल्या.

गिरिधरनं आपली खीळ परत ढिगात टाकली आणि तो लगबगीनं त्याच्या मागं धावला.

"भाऊ, उद्या कवा निघून राहिले तुमी?"