दहावं नाव

साहेब, जुनी यंत्रं जमा करा असा हुकूम तुम्ही काढलात, पण त्यात काय आहे ते एकदाही उघडून पाहिलं नाहीत. लोणावळ्याच्या कचेरीत बिघडलेला प्रिंटर घेऊन रांगेत उभ्या मानसीनं ऐकलेलं हे बोलणं तरी वाचा. तिच्या पुढे धरणावरचे बाजीराव होते, काउंटरवर यंत्रं जमा करून घेणारी तेजल.

"भाऊ, हा वहीएवढा लॅपटॉप अजून चालतो?"

"चालतो की. पाण्याची पातळी नोंदवायला दिलता. उरल्या वेळात डॉसवरचा गेम खेळायचा."

"एकटेच?"

"त्र्यंबक होता. दिवसपाळी माजी, रातपाळी त्येची. गेममदी पहिल्या दहाची यादी असती. सकाळी बघावं तर गड्यानं मला खाली ढकललेलं. पाळी बदलताना नुसता हसायचा."

"आता कुठे असतात?"

"वारला माघात. जागा भरली न्हाई. मी येड्यावानी खेळत सुटलो, तशी त्येची नावं एकेक करून यादीतनं पडली. ध्यानात आलं तवा एकच उरलं, दहावं."

"मग?"

"मग काय, तवापासनं रोज मुद्दाम हरतो. लय अवघड असतं, ताई. हात जिंकायलाच बघत्यात."

"फोटो काढून ठेवा ना यादीचा."

"फोटूसंगं खेळता येतं व्हय?"

"भाऊ, सगळं पुसूनच पुढे पाठवायचं, असा हुकूम आहे."

"पुसा. पर ज्यानं हुकूम काढला त्येला हितं बोलवा. उद्यापासनं मी कुणासाठी हरायचं, ते त्येनं माज्या तोंडावर सांगावं."