नडगी, म्हस आणि मेव्हणा

...आणि म्हणं हाड जिवंत असतंय! ऐका आता! अवो, जिवंत असतंय तर इतकी वर्सं गप का बसलतं? एकदा तरी आतनं म्हणायचं, "हंबीरराव, जरा दमानं!" न्हाय. मोडल्यावर बोंबललं! तुमास्नी सांगतो पावणं... बसा की, कुठं उठताय? त्या थोरल्या म्हशीला अजून पान्हा फुटायचाय, तुमचा दुधाचा गिलास काय कोण पळवून नेत न्हाय, तवर माझं ऐका. आणि बसताना गुडघा केवढ्यानं वाजला वो तुमचा! तुमचंबी जवळ आलंय बरं का.

तर ह्यो माझा उजवा पाय. नडगी. मोडली कशानं? म्हशीनं. घरच्या म्हशीनं! मैना तिचं नाव, मीच ठेवलं, मीच वाढीवली, वारली तिची आई तवा बाटलीनं दूध पाजलं. तुमी बाहेरगावचं दिसताय म्हणून सांगतो, दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवत्यात. अंगावरचं केस भादरायचं, शिंगं साळून रंगवायची, गळ्यात कवड्या, पायात घुंगरं, आणि मालकानं मोटरसायकलचा सायलेन्सर काढून फडफडफडफड पुढं जायचं, की म्हशीनं शेपूट वर करून मागं पळायचं. मालकाच्या मागं! दुसऱ्या कुणाच्या मागं ती एक पाऊल टाकत न्हाय. तीच तर गवळ्याची इज्जत, पावणं. म्हस ज्याच्या मागं पळती त्यो मालक, बाकी सगळं शेण काढणारं.

गणपती गेलं आणि मी सराव धरला. मी पुढं, मैना मागं, गल्लीतली पोरं शिट्ट्या मारालीत, आणि वळणावर एक म्हातारं आडवं आलं. मी ब्रेक दाबला. गाडीला ब्रेक हाय. म्हशीला कुठं हाय? गाडी आडवी, गाडीखाली मी, आणि मैनाबाईंचा खूर नडगीवर. काडकन आवाज! आणि त्ये म्हातारं वाकून काय इच्यारतंय? "म्हशीला लागलं काय रं?" म्हशीला!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कोण, तर रत्नाबाईंची ऐश्वर्या. जैनांचं घर, माझ्याच दुधावर वाढलेली पोरगी. म्हटलं चला, घरचं माणूस भेटलं. म्हटलं, "ताई, मी जन्मभर धारोष्ण दूध पितोय, माझं हाड मोडतंयच कसं?" तर ती एक्स-रे लाईटीवर धरून, तोंडावरची रेघसुद्धा न हलवता म्हणती, "काका, आमच्याकडं तुमचंच दूध यायचं. ते पिऊन माझी हाडं कशी वाढली, मला त्याचंच नवल वाटतं." नर्स हसली. कंपाउंडर हसला. शेजारच्या खाटेवर एक जण खुबा मोडून इव्हळत पडलेला, त्यो इव्हळायचा थांबून हसला वो!

मग तिनं कपाटातनं प्लॅस्टिकचं हाड काढलं, मधोमध उभं कापलेलं, आणि शाळा घेतली माझी. "बघा काका. बाहेरचा भाग घट्ट. टोकांना आतून जाळी, म्हणजे वजन कमी, ताकद तीच. मध्ये पोकळी, आणि पोकळीत मज्जा." मी म्हटलं, "अवो ही तर नळी! मटणातली! ताटाच्या काठावर ठक्कन आपटायची आणि तोंडाला लावून सुर्रकन..." आणि मी आवाज काढून दावला. जैनाच्या लेकीला! बाईनं डोळं मिटलं, आणि तितनं पुढं माझ्या पायाला हात लावताना ती माझ्याकडं अशी बघायची, जणू मी आत्ताच कुणालातरी खाऊन आलोय.

"काका, हाड जिवंत असतं," ती म्हणाली. "वरून पातळ साल असते, तिच्यात नसा, म्हणून एवढी कळ येते. आत रक्ताच्या बारीक वाटा, त्यांच्याभोवती हाडाची वलयं, वलयांत पेशी बसलेल्या. एक जात जुनं हाड खाते, दुसरी नवं बांधते. जन्मभर." म्हटलं, मंजे आपल्या रस्त्यावानीच की! एकानं उकरायचं, एकानं मुजवायचं! तर म्हणती, "फरक आहे काका. शरीरात बुजवतात."

आमची कारभारीण तितंच उशाला बसलेली. नवऱ्याचा पाय मोडलाय, पण बाईच्या तोंडावर निस्ती करमणूक! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाचं काम नुसतं उभं राहणं नाही, ते आतलं जपतं. बरगड्या काळीज जपतात, कवटी मेंदू जपते." लगीच आमची, "मग ह्यांची कवटी उगंच राबलीया की वो इतकी वर्सं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडांच्या मज्जेत रक्त तयार होतं. पण या वयात ते मुख्यतः कमरेच्या, छातीच्या, मणक्याच्या हाडांत. नडगीत आता बहुतेक चरबीच." म्हटलं, मंजे माझी नडगी काम सोडून बसलीया? तर आमची, "तिला एकटीलाच कशाला बोल लावताय?"

आणि चुना! ती म्हणाली, हाड हे चुन्याचं कोठार असतंय. रक्तात चुना कमी पडला की शरीर हाडातनं काढून घेतंय, मग हाड पोकळ. मी म्हटलं, मंजे मी न्हाय खाल्लं तर मीच मला खातोय? "हो." म्हटलं, मग काळजीच न्हाय, चुना तर मी रोज खातोय, तंबाखूत! बाईनं पेन खाली ठेवलं. "तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो काका. बंद." बघा! चाळीस वर्सांचा माझा सोबती, एका शब्दात गेला. बायकू ऱ्हायली, तंबाखू गेली.

प्लास्टर घातलं, मांडीपातूर. आणि सांगितलं, पाय टेकायचा न्हाय. मी इच्यारलं, "पाडव्याला गाडी चालवू काय?" ती हसली. पहिल्यांदाच हसली, आणि कशाला हसली बघा.

आता खरं दुखणं ऐका. आमचा मेव्हणा, विजयसिंह, कोडोलीचा. "दाजी पडल्यात तर धारा कोण काढणार?" म्हणून आला, त्यो आला! माझ्या खाटंवर त्यो, माझ्या कपात च्या त्यो, माझ्या म्हशीखाली त्यो! आणि ह्येची बहीण त्येला गरम भाकरी वाढालीया आणि मला पेज, का तर "पडलेल्या माणसाला भूक कमी लागती." कुणी सांगितलं? भेटायला येणारं एकेक माणूस यायचं, प्लास्टरवर टकटक वाजवायचं, मी दारच हाय जणू, मला इच्यारायचं, "कसं हाय?" आणि उत्तर ऐकायच्या आत विजयसिंहला इच्यारायचं, "म्हस कशी हाय?"

आणि एक दिवस त्यो मेव्हणा माझ्या उशाला बसून, गोड आवाजात, "दाजी, काय काळजी करू नगा. पाडव्याला मैना मी पळवतो."

पावणं, काडकन आवाज पुन्यांदा झाला. ह्या टायमाला छातीत झाला. मी म्हटलं, "ती तुझ्या मागं पळायची न्हाय. ती माझी हाळी वळकती. माझ्याबिगर ती उंबऱ्याभायर पाय टाकत न्हाय." त्यो म्हणाला, "बघू की." बघू की! आणि बहीण भिताडाकडं तोंड करून हसली.

दसरा झाला. मी पडल्या पडल्या इच्यार करालोय. हाड जिवंत असतंय, बरोबर? आणि डॉक्टरीणबाईंनी आणिक एक सांगितलतं, माझ्या चांगलं ध्यानात हाय, "हाडावर भार पडला की ते तिथं जाड होतं, वापरलं नाही तर झिजतं." पैलवानाचं हाड जाड, खाटंवरच्याचं बारीक. मंजे काय? मंजे मी हिथं पडून निस्ता झिजालोय! ह्यो सगळा डाव हाय! प्लास्टर काढायचं, भार टाकायचा, हाड आपोआप दणकट! डॉक्टरीणबाईंचंच शास्त्र! ती दोघं भैण-भाऊ बाजारला गेल्ती. म्हशीची शिंगं साळायचं हत्यार भिताडाला अडकीवलेलं. सरपटत गेलो, घेतलं, आणि चालीवलं प्लास्टरावर. आतनं पाय निघाला तर काय सांगू... वाळलेला, पांढराफटक, मी त्येला वळकलंच न्हाय. वाटलं, दुसऱ्याचा घातलाय.

उभा ऱ्हायलो! खरंच ऱ्हायलो की! दुखलं, पण ऱ्हायलो. मैना दावणीतनं बघालीया. म्हटलं, बाई, आलो बघ. भित धरत धरत गाडीपातूर गेलो. आता गाडी आमची जुनी, बटनाची न्हवं, किकची. आणि किक कुठल्या पायानं मारत्यात पावणं?

...हां. उजव्या.

मारली. सगळा भार टाकून मारली, हाड जाड व्हायला पायजे म्हणून! आणि गाडीनं उलटा दणका दिला. त्याच जाग्यावर! पुन्यांदा! मी कोसळलो त्यो शेणाच्या घमेल्यात. आणि मैनेनं काय केलं ठावं हाय? वैरण खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे बघितला, जुना त्येच्या शेजारी लावला. मग म्हणाल्या, "काका, मोडलं की आधी तिथं रक्त गोठतं. मग मऊ कूर्चा होते. मग कच्चं हाड. मग पक्कं. भार हा जुळलेल्या हाडावर टाकतात. तुम्ही ते मऊ असतानाच नाचलात." म्हटलं, "मग आधी का न्हाय सांगितलंसा?" तर म्हणती, "सांगत होते. तेव्हा तुम्ही मला सुर्रकन करून दाखवत होता."

आता प्लास्टरनं भागना. नळीच्या आत सळी घातली. स्टीलची! जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या रिकाम्या केल्या पावणं, आता माझीच नळी, आणि आत लोखंड. घरी आणलं तवा मेव्हणा हाताला धरून म्हणतोय, "सावकाश दाजी, गंजशीला."

आला पाडवा. मी हट्ट धरला, मला न्या. का? तर मला बघायचं हुतं. ती न पळताना बघायची हुती मला! सगळ्या गावासमोर ती चार पाय रोवून उभी ऱ्हाणार, त्यो पुढं बोंबलत जाणार, आणि ती मान वळवून मला हुडकणार. इतकंच मागणं हुतं माझं. कुणाचं वाईट चिंतलं न्हाय... चिंतलं, पण घरच्यांचंच चिंतलं. खुर्ची टेम्पोत ठेवली, मला खुर्चीत ठेवलं, नदीच्या वाटंला कडंला नेऊन लावलं.

मैना आली. काय दिसत हुती! शिंगं लाल, कपाळाला मोरपीस, पाठीवर पांढऱ्या रंगात नाव. तिचं न्हवं, मेव्हण्याचं! विजयसिंहनं किक मारली. फडफडफडफड! आणि पावणं...

शेपूट वर.

पळाली! अशी पळाली, जशी माझ्या मागं कधी पळाली न्हवती! घुंगरं खळाखळा, माणसं शिट्ट्या मारालीत, आणि मी खुर्चीतनं हाळी दिली, "मैनाऽऽऽ!" ती बाटलीनं दूध पाजताना द्यायचो तीच हाळी. तिनं कानसुद्धा हलीवला न्हाय. माझ्या खुर्चीपासनं हातभरावरनं गेली, धुरळा माझ्या तोंडात. मी आणिक एकदा हाळी दिली. पुढनं कुणीतरी म्हणालं, "ह्या म्हाताऱ्याला गप करा रं, म्हस बुजंल."

कारभारीण शेजारी उभी. मी म्हटलं, "अगं, ती माझ्या मागं पळत हुती की गं..." तर ती माझ्याकडं बघून, आणि तवा मातूर हसली न्हाय, त्येच जास्त लागलं बघा, म्हणाली, "ती कुणाच्याच मागं पळत न्हाय. तिला गाडीचा आवाज ठावं हाय. गाडीवर कोण बी बसूदे." नडगी दोनदा मोडली, पण डोळ्यातनं पाणी न्हवतं आलं. तवा आलं. लई वाईट वाटलं, खरंच सांगतो. मी गालफडं पुसली, तर शेजारचा म्हणतोय, "धूळ गेली व्हय डोळ्यात?"

आता मागल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी शेवटचा एक्स-रे काढला. खूष झाल्या! "झकास जुळलंय काका! बघा, हाड जिवंत असतं. मोडल्या जागी व्रण न ठेवता स्वतःला नवं करून घेतं, शरीरात असं फार थोड्यांना जमतं." मी म्हटलं, बाकीचं मातूर काय जुळायचं न्हाय. ती म्हणाली, "त्याचा एक्स-रे निघत नाही. आता रोज चाला. भार टाका. जितकं चालाल तितकं हाड दणकट."

...ऐकू आलं? फडफडफड? पाडवा हून चार म्हैनं झालं तरी सायलेन्सर बसवला न्हाय बेट्यानं. रोज ह्या टायमाला नदीवर नेतोय. माझी काठी द्या बघू. न्हाय, धरू नगा, माझा मी उठतो, डॉक्टरीणबाईंचा हुकूम हाय, चालायचं. कुठं चालायचं, त्ये तिनं सांगितलं न्हाय, त्ये घरात ठरलं. पुढं मेव्हणा, मेव्हण्याच्या मागं मैना, आणि मैनेच्या मागं... सरका की पावणं, वाट द्या, लांब गेली मंजे मला गाठायला हुत न्हाय!