पाळीवरच्या पानथरीचा हिस्सा

"पानथरी नसली तरी माणूस जगतो, बाबा!"... असं म्हणते जी तो डॉक्टर! अरे, जगते तं कोणाबिगरही! म्हणून काय काढून फेकाचं? तुम्हाले सांगतो, मी धनीराम तसा कमी बोलणारा माणूस, जन्मभर मासोळीसंग राहिलो, ते काय बोलते? पण त्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात माहं तोंड जे सुटलं...

थांबा, पहिल्यापासून सांगतो. रेवताबाई माही बायको. अड्याळच्या बाजारात मासोळी विकते, कोणी भाव पाडला तं त्याची बाजारात येण्याची हिंमत नाही राहत. तिचं पोट दुखाले लागलं. भंडाऱ्यात पोटाचा फोटो काढला, तिथून सरळ नागपूर. डॉक्टर म्हणे, स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ आहे, कॅन्सरची, पण लहान आहे, काढू. मी म्हणलं, काढा साहेब, शेपटीत तसेही काटेच असतात! पोरगा धर्मेंद्र माह्याकडे असा पाहे... "बाबा, माय होय ते, रोहू नोहोय!"

मंग डॉक्टर म्हणे, त्या शेपटीले लागूनच पानथरी, म्हणजे प्लीहा, असते, डाव्या फासळीखाली, दोघी एकाच नसेवर. गाठ काढताना बहुतेक वेळा तीही काढावी लागते. मी म्हणलं, काम काय करते ते? "रक्त गाळते, रोगाशी लढायला मदत करते. पण नसली तर लस देऊन, जपून भागवता येतं." भागवता येते म्हणे!

तिथंच माहं डोस्कं फिरलं. काहून? आमच्या तलावाचा कायदा ऐका. जाळं ओढून झालं का पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासोळीचे ढीग लागते. ओढणाऱ्याचा ढीग, डोंगेवाल्याचा ढीग, आन् ज्याचे हातपाय थकले, जो नुसता पाळीवर बसून "डावीकडून ओढा रे" म्हणून बोंबलते, त्याचाही ढीग! गुडघे गेले तेव्हापासून मीही पाळीवरच. पोट्टे मनात म्हणत असतील, म्हातारा फुकटचा खाते. पण ढीग लागते! पाळीवर बसला म्हणून काय हिस्सा सुटते का जी?

म्हणलं, "साहेब, मासोळी अडकली तं आम्ही जाळं नाही कापत, एकेक फासा सोडवतो. तुम्हीही सोडवा."

डॉक्टर तसा गुणाचा, चिडला नाही. म्हणे, "बाबा, गाठ नसेपासून दूर असली तर सोडवीन. पण पानथरीकडे सरकलेली दिसली तर दोन्ही काढणार. गाठ अर्धी आत ठेवून पानथरी वाचवली, तर बाई वाचतील का?"

मी रेवताकडे पाहिलं. ते खाटेवर बसून नर्सले शिंगूर मासोळी कशी साफ कराची ते शिकवून राहिली होती! मले म्हणे, "काहून भांडता जी डॉक्टरसंग? पोट माहं, पानथरी माही. मले घरी न्या, बस."

"नेईन. पण पुरी नेईन."

"आन् पुरी नाही जमली तं?"

"तरी नेईन, येडे!... पण पानथरी पाळीवर बसली म्हणून पहिलेच काहून हिस्सा सोडाचा?"

ऑपरेशनच्या दिवशी मी डॉक्टरच्या मागं मागं दरवाज्यापर्यंत. "साहेब, कापाच्या आधी एकदा पाहाल बरं!" "पाहीन बाबा." "नीट पाहाल!" "नीट पाहीन." "गाठ पहिले, साहेब... पण मंग पानथरीकडेही पाहाल!" "बाबा, तुम्ही सोडलं तर आत जाईन ना!" त्याचा कोट माह्या मुठीत होता जी, मले पत्ताच नाही!

दरवाजा बंद. मी बाहेर बाकड्यावर. आन् तुम्हाले सांगतो, पाळीवर बसणं हेही किती मेहनतीचं काम आहे, ते त्या दिवशी समजलं. जाळं आत, ओढणारे आत, आन् आपण काठावर... ओरडताही येत नाही, का डावीकडून ओढा रे!

मंग डॉक्टर बाहेर आला. म्हणे, "वाचली."

मी म्हणलं, "कोणती?"

"दोघीही! गाठ पुरी निघाली, नस सोडवली, पानथरी जागेवर आहे. पुढं औषधं आहेत, तपासण्या आहेत, पण आज निवांत जेवा."

जेवतो कायचा? धर्मेंद्रच्या खांद्यावर डोकं ठेवलं आन् लेकरावानी रडलो.

आता ऐका पुढची गंमत. डॉक्टरनं सांगितलं, बाईनं वजन उचलाचं नाही. झालं! रेवता आता पाळीवर बसते. माह्या जागेवर, माह्या गोणपाटावर! माह्यापेक्षा मोठ्यानं बोंबलते, "डावीकडून ओढा रे!" आन् तिचाही ढीग लागते. कोणी हूं का चूं केलं तं माहाच कायदा मलेच ऐकवते, पाळीवर बसली म्हणून हिस्सा सुटते का जी? आन् बाजारात मासोळी कोण विकते? मी! कमी बोलणारा माणूस! गिऱ्हाईक म्हणते, "बाबा, कमी करा," मी मान हलवतो, तो कमीच देऊन जाते.

परवा म्हणलं, "रेवता, जरा सरक ना, मलेही बसू दे. गुडघे दुखते."

"गुडघेच दुखते ना? बाजारात बसाचंच तं आहे."

"आन् माहा हिस्सा?"

"तो कुठं जाते? तुमचा ढीग टाकला टोपल्यात. विकून या."