विमानात कोण बसलंय

नांदेडच्या बसस्थानकात लातूरच्या गाडीची वाट बघत एक नवरा-बायको माझ्या शेजारी बसले होते.

"अहो, कितींदा मोबाइल बघताव? सुकन्याच्या कंपनीचं नवं इमान उडालं का न्हाई?"

"उडालं मघाशीच. बेंगळूरहून. अजून वरच हाय."

"केवढं हाय?"

"आपल्या एसटीवाणी मधून एकच वाट. पण दीडेकशे माणूस बसंल."

"आज पहिल्या खेपेला न्हाई ना कुणी बसलं?"

"दोन पायलट हायत. आन् आतली यंत्रं बघायला एक इंजिनेर."

"अगं माय! कुण्या माउलीचं लेकरू असंल हो?"

"लातूरची गाडी लागली का बघ बरं."

"अहो, बोला की."

"तुला सांगू नका म्हणली होती ती."

"आपली सुकन्या? आन् तुम्ही हाव म्हणलात?"

"पंखांचं काम तिनंच केलंय. म्हणली, बाबा, मीच बसले न्हाई तर लोक कशाला बसतील? चल, लातूरची गाडी लागली."

"जाऊ द्या गाडी. वाटंत रेंज जाते."

"दुसरी लई उशिरा हाय, सिंधू."

"असू द्या. मोबाइल वाजला बघा! द्या इकडं. सुकन्या? उतरलीस का? खरंच खाली हायस ना? न्हाई गं, रडून न्हाई राहिले. काय? परवा पुन्हा? बरं, जा. पण आता मला आधी सांगायचं. ह्यांना मी सांगते मागून."