आल्याची साल

आमच्या ह्यांच्या परदेशी औषधाचं कौतुक मला सांगू नका. तंजावरला तेव्हा नुकतीच दुकानांत परदेशी चॉकलेटं दिसू लागली होती, आणि आमच्या घरात आली काय, तर साल. ह्यांचे पाय सुजायचे, म्हणून धाकट्या दिरांनी सिंगापूरच्या चिनी वैद्याकडून एक पुडा आणला. हे रोज सकाळी ते उकळून भक्तिभावानं प्यायचे. एकदा मी पुड्याचा वास घेतला.

"अहो, ही तर आल्याची वाळकी साल."

"चिनी वैद्यकात सूज सालीनंच उतरते. तू आजवर फेकत आलीस," हे म्हणाले.

मी फेकत आले? कुणामुळे? सुंठीच्या काफीत सालीचा एक कण दिसला, की ह्याच माणसानं "साल म्हणजे विष" म्हणत टंबलर परत पाठवलाय, तोही पाहुण्यांसमोर. वीस वर्षं मी सुंठ खरवडतेय.

दुसऱ्या दिवशीही खरवडली, पण काहीच फेकलं नाही. दोन टंबलर भरले. एक घोट घेऊन ह्यांनी तोंड वाकडं केलं.

"आज काफीत सुंठ नाही?"

"सुंठ माझ्या टंबलरात आहे. तुमच्यात औषध घातलंय."