नानांच्या छापखान्यातलं नास्तिक मशीन

...अन् वरून नाना काय म्हणाले असतील? "सुकदेव, तुनं मशीन नास्तिक शे का रे?" नास्तिक! अहो, तुम्हाला सांगतो, नव्व्याण्णव साल, अख्ख्या धुळ्यात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नाही, अन् या पोराने डोळे फोडून त्यात प्रोग्राम लिहिला. काम काय? तर लीलाधरनानांच्या छापखान्यात प्रत्येक लग्नपत्रिकेचं वेगळं फोल्डर बनवायचं. नाव टाकलं की फोल्डर तयार. बस्स! आता यात सुकदेवचं काय चुकलं?

पण नाना साधं नाव टाकतील तर ना! ज्या माणसाने किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी '||श्री||' काढलं, तो मशीनला सोडतो? टाकलं '||श्री||'... अन् मशीन ठप्प! फोल्डरच्या नावात उभ्या रेघा त्याला चालत नाहीत. सुकदेव दबकत म्हणाला, "नाना, तेवढ्या रेघा नका ना टाकू..." झालं! "मना बाप टाके, मी बी टाकस. मशीनले सांग, सवय कर!"

गिळला अपमान. करतो काय? चाळीसगावच्या चुडामणआबांनी साफ सांगितलेलं, नोकरी पक्की तर मुलगी पक्की. अन् नोकरी पक्की कधी? लग्नसराईत मशीन अडलं नाही तर! म्हणून त्याने गुपचूप चाळणी लावली, नानांनी रेघा टाकायच्या, प्रोग्रामने काढायच्या. तर नानांनी नवरा-नवरीच्या मध्ये तिरपी रेघ मारली! मशीनला तिरपी रेघ म्हणजे 'याच्या आत ते'. झालं काय, नवऱ्याच्या फोल्डरात नवरी! सुकदेवला घाम, अन् नाना खूश! "बराबर शे! लगीन झायं की तठेच नांदस ना ती?" आता यात सुकदेवचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

शेवटी आबा स्वतः आले, होणाऱ्या जावयाची परीक्षा घ्यायला. नाना म्हणतात, "आबा, तुम्हीच टाका, काही बी टाका!" काही बी?! आबांनी एका बोटाने '||श्री||' टाकलं... पास! मुलीकडची पत्रिका, म्हणून मुलीचं नाव आधी, लता. मग तिरपी रेघ. पुढे नवऱ्याचं नाव? ते तर अजून ठरायचंय... सावध माणूस, टाकलं प्रश्नचिन्ह!

अन् मशीन ठप्प! प्रश्नचिन्हही चालत नाही हो त्याला, अन् चाळणीत नेमकं तेच घालायचं राहिलेलं. पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग, आबांच्या भुवया वर... गेली नोकरी, गेली लता! "काय म्हणतंय हे?" आबांनी विचारलं. "आबा... प्रश्नचिन्ह चालणार नाही म्हणतंय. पक्कं नाव टाका." नाना फटकन म्हणाले, "मंग टाक ना तुनंच नाव!" टाकलं 'सुकदेव'. फोल्डर तयार! आबा पहिल्यांदा हसले, "मशीन हुशार शे."

लग्न झालं, नोकरी पक्की झाली. आबांना मुलगा नाही, घर मोठं, म्हणाले, जावईबापू, इथेच राहा. आता पोरगा रोज सकाळी चाळीसगावहून धुळ्याला येतो, सासूबाईंनी भरलेला डबा घेऊन. मित्र चिडवतात, तेव्हा नाना मशीन उघडून दाखवतात, लताच्या फोल्डरात सुकदेव. "बराबर शे! लगीन झायं की तठेच नांदस ना तो?"

आता यात सुकदेवचं... जाऊ द्या, गाडीची वेळ झाली त्याच्या.