पडीक का राखलेली

आधी चहा संपवा, नायतर हसता हसता सांडाल.

चितेगावला ओढ्याकाठी आमचं रान हाय. तिथं मी कधी नांगर लावू दिला नाय. नुसते लिंब, बाभळी आन गवत. गोदामवाले सारखे मागायचे, तर आमचे मालक म्हणायचे, "देऊन टाकू, फुकटची पट्टी कशाला भरायची?" तेवढ्यात कळलं, झाडांसाठी राखलेल्या जमिनीला सरकार पट्टीत सूट देतंय, कुंपणाला पैसे बी. मी लगेच अर्ज टाकला.

साहेब पाहणीला आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मावशी, ही तर पडीक जमीन. हिला सूट मिळत नाही."

मालक खुश. "मग लावू का गोदामवाल्याला फोन?"

"थांबा हो," मी म्हणलं. "साहेब, पडीक कशावरून?"

"तुम्ही पेरत नाही, कापत नाही, म्हणून."

मी पदर मागं सारला आन अंबाडाच सोडला. "हे केस बी मी कापत नाय. हे पडीक हायत का राखलेले?"

साहेब डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"पडीक बघायचं आसंल, तर टोपी काढून आरशात बघा."

साहेबांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला आन म्हणाले, "राखलेली लिहितो, मावशी. पण ऑफिसात कारण विचारलं, तर काय सांगू?"